कडेला दबून चालवू नका: रहदारीत सायकल चालवायला शिकताना

पहिल्यांदाच रहदारीत सायकल काढलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. हॅण्डल घट्ट आवळलेलं, खांदे कानांपर्यंत चढलेले, नजर पुढच्या चाकापुढे जेमतेम दोन हात, आणि सायकल रस्त्याच्या अगदी काठावर, जिथे डांबर संपून खडी सुरू होते तिथे. मीही जवळजवळ वर्षभर अशीच चालवली. कोणाच्या मध्ये यायचं नाही, गाड्यांना वाट द्यायची, म्हणजे आपण सुरक्षित, असा माझा हिशेब होता. तो हिशेब चुकीचा होता, हे कळायला मला दोनदा पडावं लागलं. अंग चोरून चालवणाऱ्याला रस्त्यावर कोणी जागा देत नाही. उलट, तो जितका आत सरकतो तितकी मागची गाडी त्याला घासून जाते.

मागून येणाऱ्या चालकाला तुम्ही दिसायला हवं, आणि पुढच्या दोन सेकंदांत तुम्ही काय करणार हे त्याला तुमच्याकडे बघून कळायला हवं. रहदारीत सायकल चालवणं म्हणजे मुख्यतः एवढंच. हेल्मेट, दिवे, हाताचे इशारे हे सगळं त्याच्या पोटात येतं.

एक खुलासा आधीच करते. काही देशांत वाहनं डावीकडून चालतात, काहींत उजवीकडून. म्हणून पुढे मी 'कडेची बाजू' म्हणजे फूटपाथकडची आणि 'मधली बाजू' म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांकडची, असे शब्द वापरले आहेत. तुमच्या रस्त्याला लावून घ्या.

पायरी १: निघण्याआधी दोन मिनिटं

हवा, ब्रेक, चेन. या क्रमाने बघा. टायर अंगठ्याने दाबून बघणं ठीक, पण हवेचा नेमका दाब टायरच्या बाजूवरच छापलेला असतो, तो एकदा वाचून ठेवा. चेन कोरडी पडून कुरकुरत नसावी आणि लोंबकळत नसावी. ती ऐन चौकात उतरली तर पाय एकदम पोकळीत जातो आणि तोल सुटतो.

ब्रेक तपासायला पुढचा दांडा दाबून धरा आणि सायकल पुढे ढकला. मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मग मागचा दाबून ढकला. चाक न फिरता जमिनीवर घासत गेलं पाहिजे. दांडा हॅण्डलला टेकेपर्यंत दाबला जात असेल तर वायर ताणून घ्यायची वेळ झाली. चाकं खटक्याने काढता येणारी असतील, तर तो खटका नीट बसलाय ना हे दर वेळी बघा. सायकल कुठे उभी करून आलात की हमखास बघा.

सीट पहिले काही दिवस थोडी खालीच ठेवा, बसल्या बसल्या दोन्ही पायांचे चवडे टेकतील इतकी. जाणकार हसतील, म्हणतील गुडघे दुखतील. लांबच्या पल्ल्यासाठी त्यांचं बरोबर आहे, तेव्हा सीट वरच हवी. पण रहदारीत नवख्या माणसाला पाय पटकन टेकतो हा जो धीर असतो, तो सुरुवातीला जास्त कामाचा. महिनाभराने बोटबोट वर घेत जा.

विजारीचा सैल पाय, बुटाची लेस, पिशवीचा लोंबता बंद हे सगळं बांधून घ्या. हॅण्डलला पिशवी अडकवून रहदारीत जाऊ नका. वळताना ती झोका घेते, आणि कधीतरी स्पोकमध्ये जाते.

पायरी २: मोकळ्या मैदानात चार गोष्टी

सायकल चालवता येणं आणि रहदारीत सायकल चालवता येणं यांत जे अंतर आहे ते इथे भरून निघतं. ही पायरी सगळे गाळतात. तुम्ही गाळू नका. रिकामं मैदान किंवा सुट्टीच्या दिवशी ओस पडलेली गाड्या लावायची जागा शोधा आणि तीन-चार दिवस तिथेच घालवा.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे मागे वळून बघणं. बघणं सोपं आहे, पण बघताना सायकल सरळ ठेवणं नाही. मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हॅण्डल वळतं, आणि तुम्ही ज्या गाडीला बघायला वळलात नेमके तिच्यापुढे जाता. त्यावर उपाय असा: जमिनीवर एक लांब रेघ आखा आणि तिच्यावरून चालवा. ज्या बाजूला बघायचं त्या बाजूचं कोपर सैल सोडा, हनुवटी खांद्याला लावल्यासारखी मान वळवा, कंबर हलू देऊ नका. जमत नसेल तर त्या बाजूचा हात उचलून मांडीवर ठेवा आणि मग वळा, हॅण्डल ओढलं जाणार नाही. मागे एखाद्या मित्राला उभं करून बोटं दाखवायला सांगा आणि किती बोटं होती ते ओरडून सांगा. नुसती मान फिरवणं आणि खरोखर बघणं यांतला फरक तिथेच लक्षात येतो. रेघ न सोडता दहापैकी दहा वेळा बोटं बरोबर मोजता आली की पुढे जा.

मग एका हाताने चालवणं. इशारा करताना एक हात हवेत असतो, तेवढ्यात खड्डा आला तर दुसऱ्या हाताने सायकल सांभाळता आली पाहिजे. दोन्ही हातांनी करून बघा, कारण एक हात नेहमीच अडाणी निघतो.

तिसरी गोष्ट, कचकन थांबणं. बहुतेकांना लहानपणी कोणीतरी सांगितलेलं असतं की पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटा पडशील. त्यामुळे माणसं आयुष्यभर मागच्याच ब्रेकवर भिस्त ठेवतात. प्रत्यक्षात ब्रेक लागला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. थांबवण्याची मुख्य ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. उलटं पडायला होतं ते तो एका झटक्यात दाबल्यामुळे आणि हात सैल असल्यामुळे. म्हणून कंबर मागे न्या, हात ताठ करा, आणि दोन्ही दांडे ओला कपडा पिळल्यासारखे वाढत्या जोराने दाबा.

किती जागा लागते याचा अंदाज घ्या. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. धोका दिसून हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ५ मीटर तर तुम्ही काहीच न करता पुढे गेलात. मग चांगल्या ब्रेकवर, कोरड्या रस्त्यावर आणखी तीनेक मीटर. एकूण आठ. आता हाच वेग ताशी २७ करा: साडेसात मीटर विचारात, सातेक मीटर ब्रेकमध्ये. वेग दीडपट झाला आणि अंतर जवळजवळ दुप्पट. उतारावर मजा वाटते तेव्हा हे आठवावं.

चौथी गोष्ट दिसायला बावळट आहे: शक्य तितक्या हळू चालवणं. चालत्या माणसाच्या गतीने, पाय न टेकवता, सरळ रेषेत. कोंडीत आणि सिग्नलजवळ हेच कौशल्य उपयोगी पडतं. डुगडुगणारी सायकल बघितली की मागचा चालकही बिचकतो.

पायरी ३: रस्त्यात नेमकं कुठे चालवायचं

आता मुख्य मुद्दा. अगदी काठाला काय काय असतं ते बघा: गटाराची जाळी, फुटकी काच, खडी, साचलेलं पाणी, मध्येच फूटपाथवरून उतरणारा माणूस. यांतलं काहीही समोर आलं की तुम्हाला मधल्या बाजूला सरकावं लागतं. तेही अचानक. आणि मागच्या चालकाला याची काहीच कल्पना नसते, कारण त्याने तुम्हाला कडेला धरून गाडी काढायला सुरुवात केलेली असते.

म्हणून कडेपासून चाक किमान पाऊण मीटर, जमल्यास एक मीटर आत ठेवा. म्हणजे खड्डा चुकवायला कडेकडेही जागा राहते. कोणी फारच जवळून गेलं तर सरकायला वाव राहतो. आणि मागच्या चालकाला तुम्ही त्याच्या नजरेच्या कोपऱ्यात नाही, समोर दिसता.

'पण मग गाड्या अडतील ना?' हा प्रश्न येतोच. जरा गणित करू. एक मार्गिका साधारण ३ ते ३.५ मीटर रुंद असते. तुमचं चाक कडेपासून पाऊण मीटरवर, हॅण्डलचं टोक त्यापुढे आणखी ३० सेंटिमीटर, म्हणजे एक मीटरहून थोडं जास्त तुमचंच झालं. सुरक्षितपणे पुढे जायला मोटारीने मध्ये दीड मीटर सोडायला हवं. जर्मनीत २०२० पासून वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर सोडणं कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यापुढे मोटारीची स्वतःची रुंदी, पावणेदोन-दोन मीटर. बेरीज साडेचारच्या आसपास जाते. म्हणजे त्याच मार्गिकेतून तुम्ही आणि मोटार सुरक्षितपणे शेजारी शेजारी मावतच नाही. तुम्ही काठाला चिकटलात तरी मावत नाही, फक्त चालकाला मावतंय असं वाटतं. तो भास निर्माण करायचा नाही, म्हणून मी आत राहते.

जिथे रस्ता फारच अरुंद होतो, पूल, वळण, दुभाजकाची चिमटलेली जागा, तिथे तर सरळ मार्गिकेच्या मध्यावर यावं. आधी मागे बघा, हात दाखवा, जागा घ्या. अरुंद भाग संपला की पुन्हा कडेच्या बाजूला या आणि वाट द्या, जमलं तर हात वर करून आभार माना. मध्यावर ठाण मांडून बसणं हा हट्टीपणा झाला. गरजेपुरतं घेऊन परत देणं लोक समजून घेतात, निदान बरेचसे. जिथे गाड्या फार वेगाने धावतात अशा महामार्गावर मात्र हे धाडस नको. तिथे कडेचा वेगळा पट्टा असेल तर तोच धरावा, नाहीतर तो रस्ताच टाळावा.

रेषा सरळ ठेवा. कडेला एक गाडी उभी, मग मोकळी जागा, मग आणखी दोन गाड्या. नवखा माणूस मोकळ्या जागेत आत शिरतो आणि पुन्हा बाहेर येतो. मागून बघणाऱ्याला तो गायब होऊन अचानक उगवतो. मधली जागा सोडून द्या, सरळ जा.

आणि उलट दिशेने कधीही नाही. समोरून येणारी गाडी डोळ्यांना दिसते म्हणून काहींना तेच सुरक्षित वाटतं. पण तुम्ही ताशी २० ने आणि गाडी ४० ने एकाच दिशेला जात असाल, तर ती तुमच्याजवळ २० च्या फरकाने येते. समोरासमोर असाल तर ६० ने. विचार करायला वेळ एक तृतीयांश उरतो. शिवाय गल्लीतून बाहेर पडणारा चालक ज्या बाजूने वाहनं येतात त्याच बाजूला बघतो, तुम्ही दुसऱ्या बाजूने येताय हे त्याच्या गावीही नसतं.

पायरी ४: उभ्या गाड्या, धावत्यांपेक्षा जास्त जपून

नवख्यांना भीती वाटते ती मागून येणाऱ्या गाडीची. मलाही तिचीच वाटायची. माझं पहिलं मोठं पडणं झालं ते उभ्या गाडीमुळे. मागे एक अवजड वाहन घरघरत होतं, सगळं लक्ष त्याच्या आवाजाकडे, आणि मी त्याला वाट द्यायला उभ्या गाड्यांच्या रांगेला अगदी खेटून चालले होते. एक दार उघडलं. हॅण्डलचं टोक त्याच्या कडेला लागलं, पुढचं चाक फिरलं आणि मी रस्त्याच्या मधल्या बाजूला फेकली गेले. ते वाहन थांबलं म्हणून हे लिहायला आहे.

मोटारीचं दार पूर्ण उघडलं की एक मीटरभर बाहेर येतं. तुमच्या हॅण्डलचं टोक त्याच्याही पलीकडे हवं, म्हणजे चाक गाडीपासून साधारण दीड मीटरवर. तेवढी जागा नसेल तर चालत्या माणसाच्या वेगाने जा, म्हणजे दार उघडलं तरी थांबता येईल. खुणा वाचायला शिका: सीटवर डोकं दिसतंय का, मागचे दिवे आत्ताच विझले का, आतला दिवा लागला का, पुढची चाकं रस्त्याकडे वळलेली आहेत का. टॅक्सी थांबली की तिच्या दोन्ही बाजूंची दारं उघडणार असं धरूनच चाला.

तुम्ही स्वतः मोटारीतून उतराल तेव्हा दार जवळच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडा. हात ओलांडून न्यावा लागतो, त्यामुळे अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. ही सवय नेदरलँड्सच्या नावाने ओळखली जाते. घरच्यांनाही लावा.

पायरी ५: चौक

'मला दिसलाच नाही' असं चालक म्हणतो तेव्हा तो खोटंच बोलत असतो असं नाही. डोळा कॅमेऱ्यासारखा सरकत नाही. तो एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर उडी मारतो, आणि त्या उडीच्या क्षणी मेंदू चित्र जवळजवळ बंद ठेवतो. मधली पोकळी तो अंदाजाने भरून काढतो. घाईत डावी-उजवीकडे मान फिरवणाऱ्या चालकाच्या दोन उड्यांच्या मध्ये एक अख्खी सायकल सहज हरवते. त्यात काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब असतात, त्यांच्याआड तर मोटारसायकलही लपते.

त्यामुळे नजरानजर झाली म्हणजे त्याने बघितलं, असं मानू नका. चालकाच्या डोळ्यांपेक्षा त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. गाडी हलायच्या आधी चाक सांगतं. चाक फिरायला लागलं की तुमची बोटं ब्रेकवर हवीत. चौकाजवळ ती तशीही तिथेच असावीत.

चौकात गडबड बहुधा तीनच प्रकारे होते. गल्लीतून गाडी तुमच्या पुढ्यात बाहेर पडते. समोरून येणारी गाडी तुमच्या आडवी वळते. किंवा मागून आलेली गाडी तुम्हाला ओलांडते आणि लगेच कडेच्या गल्लीत वळते, तुम्हाला मध्ये दाबून. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट आणि टाळायला सगळ्यात सोपा: चौक यायच्या वीस-तीस मीटर आधीच मार्गिकेच्या मध्यावर या. मग मागच्याला तुम्हाला ओलांडून वळताच येत नाही, त्याला तुमच्या मागेच राहावं लागतं. पहिल्या दोन प्रकारांतही मध्यावर असलेली सायकल काठावरच्या सायकलीपेक्षा लवकर दिसते.

मधल्या बाजूला वळायचं असेल, म्हणजे वाहनांचा प्रवाह ओलांडून, तर दोन मार्ग आहेत. एक, मोटारीसारखं: मागे बघा, हात दाखवा, पुन्हा बघा, मार्गिका बदला, वळण घेताना मात्र दोन्ही हात हॅण्डलवर. हे पहिल्या महिन्यात करू नका. दुसरा मार्ग दोन टप्प्यांचा: सरळ चौक ओलांडा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबा, सायकल वळवून नव्या दिशेला तोंड करा आणि तिकडचा सिग्नल मिळाला की निघा. अर्धा-एक मिनिट जास्त जातं. डेन्मार्कमध्ये सायकलस्वारांनी असंच वळायचं असा नियम आहे, आणि ते लोक काही सायकलीत नवखे नाहीत. तेव्हा कमीपणा वाटून घेऊ नका.

सिग्नलला थांबताना गाडी आणि फूटपाथ यांच्यामधल्या चिरेत शिरून थांबू नका. रांगेत, एखाद्या गाडीच्या मागे, मध्यावर थांबा. हिरवा लागल्यावर एक क्षण दोन्हीकडे बघून मग पायडल मारा. पिवळ्यात वेग वाढवणारा एखादा असतोच.

वर्तुळाकार चौकात आपल्या मार्गिकेच्या मध्यावर राहा आणि बाहेर पडेपर्यंत तिथेच राहा. बाहेरच्या काठाने फिरणाऱ्या सायकलीला प्रत्येक बाहेर पडणारी गाडी छेदून जाते. गर्दी फार असेल तर उतरा आणि पायी ओलांडा.

पायरी ६: ट्रक आणि बस

यासाठी एकच नियम पाठ करा: मोठ्या वाहनाच्या कडेच्या बाजूने पुढे घुसायचं नाही. उभं असलं तरी नाही, सिग्नल लाल असला तरी नाही.

कारण समजून घेतलंत तर मोह होणार नाही. लांब वाहन वळतं तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती वळणाच्या आतून जवळचा रस्ता घेतात. म्हणून चालक वळण्याआधी गाडी उलट्या बाजूला झुकवतो. बघणाऱ्याला वाटतं, कडेला छान जागा झाली. ती जागा क्षणभराची असते. ट्रकची मागची बाजू हळूहळू तिथेच येऊन बसते, आणि चालकाला तुम्ही दिसतही नसता, कारण त्याच्या केबिनच्या थेट खाली, कडेला आणि मागे मोठे आंधळे पट्टे असतात.

ट्रकच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. मागे थांबलात तर चार-पाच मीटर अंतर ठेवा. तुम्ही आधीच थांबलेले असताना ट्रक शेजारी येऊन उभा राहिला, तर एकतर त्याला केबिनमधून दिसाल इतकं पुढे जा, नाहीतर सायकलवरून उतरून फूटपाथवर चढा. यात अपमान काही नाही.

चालता ट्रक तुम्हाला ओलांडून जातो तेव्हा आधी हवेचा ढकलल्यासारखा झोत येतो आणि मग आत ओढल्यासारखं होतं. हॅण्डल आवळू नका, कोपरं थोडी वाकवा आणि सरळ बघत राहा. बस थांब्याकडे वळतेय असं दिसलं की तिच्याशी शर्यत लावू नका. तिला थांबू द्या, मागे राहा. ओलांडायचीच असेल तर मधल्या बाजूने, पूर्ण जागा सोडून. पण तिचा इंडिकेटर निघण्याची खूण देत असेल तर तेही नको.

पायरी ७: अंधार

झगझगीत पिवळा-हिरवा जाकीट दिवसा उपयोगी, रात्री जवळजवळ निरुपयोगी. त्या रंगाची चकाकी सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर चालते, आणि मोटारीच्या दिव्यात ते पुरेसे नसतात. रात्री काम करतो तो रिफ्लेक्टर, जो प्रकाश आला तिकडेच परत पाठवतो. त्याची पट्टी पाठीवर हवीच, पण त्याहून जास्त घोट्यांवर हवी. वरखाली होणारे दोन ठिपके बघितले की चालकाला विचार न करता कळतं, सायकल आहे. स्थिर ठिपका खांबाचाही असू शकतो.

रस्ते वाहतुकीबाबतच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात सायकलीकडून ज्या गोष्टी मागितल्या आहेत, त्या आजही किमान यादी म्हणून पुरेशा आहेत: चांगला ब्रेक, ऐकू जाणारी घंटी, मागे लाल रिफ्लेक्टर, पुढे पांढरा किंवा पिवळा आणि मागे लाल दिवा. मागचा दिवा मडगार्डच्या किंवा पिशवीच्या आड जात नाही ना, हे सायकलच्या मागे दहा पावलं जाऊन बघा. कितीतरी लोकांचा दिवा फक्त रस्त्याला उजेड देत असतो. पुढचा दिवा किंचित खाली झुकवा, समोरच्याचे डोळे दिपवून आपलंच नुकसान होतं.

लुकलुकणारा की स्थिर? लुकलुकणारा लवकर लक्ष वेधतो, पण त्याच्यावरून अंतराचा अंदाज येत नाही. मी मागे दोन लावते, एक तसा आणि एक असा. एक मध्येच बंद पडला तरी दुसरा असतो, हा खरा फायदा.

मोटारीच्या खाली पाडलेल्या दिव्याचा उजेड साधारण चाळीसेक मीटर नीट पडतो. ताशी ५४ किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला १५ मीटर जाते. म्हणजे दिवा नसलेली सायकल दिसल्यापासून तिच्यापर्यंत पोचायला तीन सेकंदही लागत नाहीत.

पाऊस आणि निसरड्या जागा

थोडक्यात: कोरड्या दिवसांनंतरच्या पावसाची पहिली काही मिनिटं सगळ्यात घसरडी असतात, कारण धूळ आणि तेल वर तरंगतं. रंगवलेले पट्टे, मॅनहोलची झाकणं, लोखंडी जाळ्या यांच्यावर वळू नका आणि ब्रेक लावू नका, सरळ ओलांडा. रूळ असतील तर काटकोनाच्या जवळपास कापा, तिरकं गेलात तर चाक खोबणीत अडकतं. रिमवर लागणारे ब्रेक ओले असताना आधी पाणी पुसतात आणि मग धरतात, त्यामुळे एरवीपेक्षा लवकर आणि हलकेच दाबायला सुरुवात करा. डबक्याचा तळ दिसत नसेल तर तिथे खड्डा आहे असं समजा. गतिरोधकावर दोन्ही पायडल आडवी सारख्या उंचीवर ठेवून सीटवरून थोडं उठा.

हेल्मेटविषयी

घाला. पण ते काय करतं ते माहीत असू द्या. सायकलचं हेल्मेट तपासताना ते साधारण दीड ते दोन मीटरवरून टणक पृष्ठभागावर आपटतात, म्हणजे तोल जाऊन डोकं जमिनीवर आपटण्याची ती नक्कल असते. वेगातल्या मोटारीची धडक त्या हिशेबात नाही. पुढची कड भुवयांच्या वर दोनच बोटं हवी. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट म्हणजे टोपी. पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे यावेत, आणि हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकेच सैल. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्या, कारण आतला फोम एकदाच चेपतो.

कानात काही घालू नका. मागच्या गाडीचा वेग, ती वेग कमी करतेय की वाढवतेय, हे निम्मं कानांनीच कळतं.

हॉर्न, शिव्या वगैरे

मध्यावर चालवायला लागलात की हॉर्न वाजणार. ऐकायला विचित्र वाटेल, पण हॉर्न ही चांगली बातमी आहे: त्याने तुम्हाला बघितलंय. दचकून कडेला झेप घेऊ नका, चुका तिथेच होतात. रेषा धरा, जागा झाली की सरका. उलट बोलायला, हात दाखवायला मलाही फार वाटतं. एकदा तसं केलं आणि त्या माणसाने पुढे जाऊन कचकन ब्रेक मारला. तेव्हापासून मी गप्प बसते. तुमच्यापेक्षा दुबळा जो आहे, पायी चालणारा, त्याच्याशी मात्र तुम्ही मोटारवाल्यासारखं वागू नका. घंटी लांबून वाजवा, अगदी कानाशी नको.

पहिल्यांदा कामावर जाताना

रस्ता निवडताना मोटारीने जाता तो विसरा. नकाशात समांतर गल्ल्या शोधा. दहा मिनिटं जास्त लागली तरी ज्या रस्त्यावर वेग कमी आहे तोच घ्या. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे गाड्या आणि पायी किंवा सायकलने जाणारे लोक सतत एकमेकांत मिसळतात तिथे वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंतच ठेवावा असं म्हटलं आहे. तुमच्या वाटेवर असे शांत रस्ते किती जोडता येतात ते बघा. एक-दोन वाईट चौक राहतीलच.

सुट्टीच्या दिवशी पहाटे तो रस्ता एकदा चालवून बघा. कुठे जाळी आहे, कुठे गाड्या उभ्या असतात, कुठे थांबून श्वास घेता येईल, हे डोक्यात टिपा. मग कामाच्या दिवशी नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर निघा. उशीर झालेला माणूस पिवळ्या सिग्नलला थांबत नाही. ज्या चौकाची भीती वाटते तिथे उतरा आणि सायकल हातात धरून पायी ओलांडा. मी एक चौक आजही तसाच ओलांडते.

कधीतरी पडाल. पडलात की आधी रस्त्यातून बाहेर या, सायकल नंतर. उठून लगेच स्वार होऊ नका. धडधड थांबेपर्यंत बसा, डोकं आपटलं असेल तर त्या दिवशी चालवूच नका आणि डॉक्टरांना दाखवा. गाडीने धडक दिली असेल तर काही झालं नाही असं म्हणून तिला जाऊ देऊ नका, क्रमांकाचा फोटो घ्या. दुखणं बरेचदा संध्याकाळी वर येतं. मग सायकल बघा: हॅण्डल चाकाच्या सरळ रेषेत आहे का, चाक फिरवल्यावर ब्रेकला घासतंय का, पुढच्या फोर्कला कुठे चीर किंवा वाकडेपणा आहे का, दोन्ही ब्रेक पहिल्या पायरीत सांगितल्यासारखे धरतात का. यांतलं एक जरी शंकास्पद वाटलं तर ढकलत न्या.